काय हवंय यमूला?

“तुझं नाव काय गं?” बालवाडीच्या बाईंनी विचारलं.

“माझं नाव यमुना अजिंक्य शिर्के,” यमूच्या फ्रॉकवरचा बिल्ला गोड आवाजात म्हणाला. “बाई, तुमची साडी किती छान आहे!”

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सकाळपासून असल्या कितीतरी बिल्ल्यांनी त्यांच्या साडीचं कौतुक केलं असणार.

“तो काढून ठेवा,” त्या यमूच्या आईला, संज्योतला म्हणाल्या. “तिला बोलू दे.”

संज्योतने बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. बाईंनी पुन्हा नाव विचारलं. यमूने त्यांच्याकडे बघितलं. मग हनुवटी खाली घेऊन, जिथे बिल्ला असायचा तिथे, स्वतःच्या छातीकडे बघितलं आणि ती थांबली. बसस्टॉपवर उभं राहून माणूस थांबतो तशी, अगदी शांतपणे.

“घरी बोलते ना?”

“बोलते हो! दिवसभर तोंडाला विश्रांती नसते,” संज्योत म्हणाली आणि बोलता बोलताच अडखळली. यमूचं तोंड हलताना तिला आठवेना. वाक्यं ढीगभर आठवत होती. ‘आई, मला वरण आवडतं.’ ‘आई, आज फिरायला जाऊया?’ पण ओठ? जीभ? रडणं आठवत होतं, हसणं आठवत होतं. शब्द एकही नाही.

“यंदापासून आम्ही बिल्ला चालवून घेत नाही,” बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी एका कोपऱ्यात पाच-सहा बिल्ले ‘तू माझी मैत्रीण होशील का’ म्हणून एकमेकांना विचारत बसले होते आणि पोरं भिंतीकडे तोंड करून बसलेली. डॉक्टरांना दाखवा तुम्ही हिला. प्रवेशाचं नंतर बघू.”

संज्योत चिडून बाहेर पडली. बाईंवर चिडली, बिल्ल्यावर चिडली आणि गाडीत बसल्यावर, आपल्याला हे इतके दिवस दिसलं कसं नाही म्हणून स्वतःवर सगळ्यात जास्त चिडली.

*

बिल्ल्याचं नाव होतं ‘बोबडी’. यमू चार महिन्यांची असताना तिच्या बाबाने, अजिंक्यनेच तो हौसेने आणला होता. फ्रॉकला लावायचा एक बिल्ला आणि पायात घालायचा एक मऊ पट्टा. पट्टा बाळाच्या नाडीचे ठोके, घाम, अंगाचं तापमान मोजायचा. बिल्ल्यातला कॅमेरा बाळाची नजर कुठे जाते, मूठ कशी वळते ते टिपायचा. रडण्याचा सूर ऐकायचा. लाखो बाळांच्या चित्रणावर शिकलेलं हे यंत्र त्या सगळ्याची सांगड घालून बाळाला काय हवंय ते ओळखायचं आणि बाळ रडायला सुरुवात करायच्या आतच बोबड्या, लाडिक मराठीत सांगून टाकायचं. भूक, झोप, ओला लंगोट यांत त्याची चूक जवळजवळ होतच नसे. घरात बाळ रडायचंच थांबलं होतं. चिपळूणमधल्या निम्म्या बाळांच्या अंगावर बोबडी होती, आणि उरलेल्या निम्म्यांचे आईबाप रात्रभर जागतात म्हणून लोक त्यांची कीव करायचे.

अजिंक्यला तर बोबडीचा जास्तच लळा होता. कोकण किनाऱ्यापासून दूर, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर तो देखभालीच्या कामाला होता. पंधरा-पंधरा दिवस तिकडेच. संध्याकाळी फोन लावला की समोरून आवाज यायचा, “बाबा, तुझी खूप आठवण येते. तू जेवलास का?” चारी बाजूंना पाणी आणि वर फिरणारं पातं, एवढ्यात बसलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं!

सासूबाईंचंही तसंच. एसटीच्या ऑफिसात आयुष्यभर लोकांची बोलणी खाऊन निवृत्त झालेल्या बाई त्या. त्यांना उठल्या उठल्या कोणीतरी “आजी, तू माझी लाडकी आहेस” म्हणायचं. संज्योतने बालवाडीतली हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या बाईंना काय कळतंय? आपली यमू किती शहाणी आहे. हट्ट नाही, रडारड नाही. अजिंक्य या वयात फरशीवर डोकं आपटायचा.”

“तेच म्हणतेय मी, आई. तिने एकदा तरी डोकं आपटायला हवं होतं.”

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू डॉक्टरची गरज सुनेलाच आहे.

*

रत्नागिरीच्या डॉक्टर अस्मिता कारखानीस लहान मुलांच्या मनाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी यमूचे कान तपासून घेतले, बाकीच्या तपासण्या केल्या. सगळं ठणठणीत होतं. मग घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत एक बिस्किट टाकून त्यांनी बरणी यमूसमोर ठेवली.

“या वयाचं मूल झाकणाशी झटापट करतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नाही उघडलं, तर बरणी आपल्या हातात आणून देतं. नाहीतर बोट दाखवून रडतं.”

यमूने बरणी बघितली. बिस्किट बघितलं. मान खाली घालून छातीकडे बघितलं. बिल्ला नव्हता. ती वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने तिचे डोळे भरून आले, पण तिने संज्योतकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

संज्योतला ते बघवेना. तिने बरणी उघडून बिस्किट यमूच्या हातात दिलं आणि डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

“मूल जन्माला येतं तेव्हा त्याला आपलं मन आणि आईचं मन वेगवेगळं आहे, हे ठाऊक नसतं,” डॉक्टर सांगू लागल्या. “आई त्याला वाचते आणि बऱ्याचदा चुकीचं वाचते. त्याला खेळायचं असतं, ती झोपवायला बघते. मग ते चिडतं, आई पुन्हा ओळखायचा प्रयत्न करते, दोघांचं जुळतं, पुन्हा बिनसतं. दिवसभर हेच चाललेलं असतं. आपल्याला ती कटकट वाटते. पण त्या कटकटीतूनच मुलाला कळतं, की माझ्या मनात जे आहे ते हिला दिसत नाही, हिला ते सांगावं लागेल. बोट दाखवणं, शब्द, पुढे हट्टसुद्धा, सगळं तिथून सुरू होतं. यमूला कोणी चुकीचं ओळखलंच नाही. तिच्या दृष्टीने मनातलं आपोआप ऐकू येतं. मग ती तोंड कशाला उघडेल?”

संज्योतला हे पटायला वेळ लागला नाही. तिचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता. सपाटीवरच्या गाड्या आता आपल्या आपण चालायच्या, पण कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की त्या मुकाट्याने माणसाच्या हवाली व्हायच्या, म्हणून घाटापुरती गाडी शिकायला लोक तिच्याकडे यायचे. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. शिकाऊ माणसाच्या आधी तिने तो दाबला, तर तो माणूस जन्मात ब्रेक दाबायला शिकत नाही, हे ती रोज बघत होती.

“मग मी करायचं काय?”

“बिल्ला काढा. आणि तिला ओळखताना मनसोक्त चुका.”

“ते काही कठीण नाही,” संज्योत म्हणाली. “मला तिचं काहीच ओळखता येत नाही.”

हे तिने विनोद म्हणून म्हटलं होतं. डॉक्टर हसल्या नाहीत.

*

खरोखरच तिला काही ओळखता येत नव्हतं. बिल्ला काढल्यावर पहिले दोन दिवस यमू नुसती थांबून राहिली. मग रडायला लागली, आणि अडीच वर्षांचं साठलेलं रडणं बाहेर पडावं तशी रडत राहिली. दूध दिलं, भिरकावलं. भात दिला, थुंकला. कडेवर घेतलं तर अंग ताठ करायची, खाली ठेवलं तर संज्योतचा पाय चावायची. दुसऱ्या बायका आपल्या मुलाच्या रडण्यावरून सांगायच्या, भूक आहे की झोप. संज्योतला सगळी रडणी सारखीच वाटायची. ती भाषा शिकायच्या दिवसांत तिच्या घरी दुभाषी होता.

“का छळतेस पोरीला?” सासूबाई दर तासाला विचारायच्या.

एका दुपारी ती क्लासवरून परतली, तर घर शांत. यमू सोफ्यावर बसलेली आणि फ्रॉकवर बिल्ला. “आजी, तू कित्ती चांगली आहेस,” बिल्ला म्हणत होता.

“आई!”

“माझ्याच्याने ऐकवत नाही तिचं रडणं. आणि माझ्याशी बोलायला दुसरं आहे कोण या घरात? तू गाडीत, तो समुद्रात.”

संज्योतने बिल्ला काढला, पण या खेपेला आवाज न चढवता.

मग तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून यंत्र बोलत होतं. नुसतं यंत्र नव्हे, अतिशय समजूतदार यंत्र. “तुमचा वैताग मी समजू शकते,” ते म्हणालं.

“तू काही समजू नकोस. एवढं सांग, ‘बाबा, तुझी आठवण येते’ हे तुम्हाला मुलीच्या नाडीवरून कळतं का?”

“छान प्रश्न आहे. भूक, झोप, वेदना यांचा अंदाज आम्ही शरीरावरून बांधतो. जिथे अंदाज पक्का नसतो तिथे पूर्वी ज्या वाक्यावर कुटुंबातल्या व्यक्तींना आनंद झाला होता, तसं वाक्य निवडलं जातं. त्यामुळे घरातलं वातावरण प्रसन्न राहतं.”

“म्हणजे ते मुलीचं वाक्य नसतं.”

“ते कुटुंबाचं वाक्य असतं. तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?”

संज्योतने फोन सोफ्यावर आपटला. तेवढ्यात खाली रस्त्यावर एका टेम्पोचा टायर फुटला. बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. यमू दचकली, पांढरीफटक पडली, थरथर कापायला लागली. आणि तिने तोंड उघडलं. ओरडायला नाही. पक्ष्याचं पिल्लू घासासाठी चोच वासतं तसं. भरवा, म्हणून.

संज्योत बघतच राहिली. कधी काळी पोरगी घाबरली असेल, तिची नाडी धावली असेल, आणि बोबडीने सांगितलं असेल, ‘मला भूक लागली.’ मग कोणीतरी घास दिला असेल. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. या मुलीला आपल्याला भीती वाटते हेही माहीत नव्हतं. तिला भीती वाटली की ती तोंड उघडायची.

“भूक नाही गं ही, राणी,” तिला छातीशी धरून संज्योत म्हणाली. “तू घाबरलीस. मीपण घाबरले. बघ माझं कसं धडधडतंय. ह्याला भीती म्हणतात.” यमूचा हात तिने स्वतःच्या छातीवर ठेवला. “भीती.” यमूचं तोंड बराच वेळ उघडंच होतं. मग ते हळूहळू मिटलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातली वाटी मागे ठेवून दिली. त्यानंतर त्यांनी बिल्ल्याला हात लावला नाही.

*

अजिंक्यला मात्र हे पटेना. रोज संध्याकाळी फोनवर यमूचं भोकाड ऐकून तो म्हणायचा, “पाच मिनिटं लाव ना बिल्ला. मला माझ्या मुलीशी बोलायचंय.”

“ही काय समोर आहे तुझी मुलगी. बोल.”

“ही नुसती रडतेय.”

“हेच बोलणं आहे तिचं सध्या.”

“संज्योत, मी इथे कसा दिवस काढतो तुला कल्पना नाही. ती मला विचारते, जेवलास का. तेवढंच असतं मला.”

“ती नाही विचारत, अजिंक्य. कंपनी विचारते.”

त्याने फोन ठेवला, आणि पुढचे तीन दिवस लावला नाही.

तो घरी आला तो थेट कपाट उघडून बिल्ला शोधायला लागला. संज्योतने अडवलं नाही. ती दमली होती. यमूच्या चाव्यांचे व्रण दोन्ही हातांवर होते, क्लासमधल्या एका माणसाने त्याच आठवड्यात गाडी गटारात घातली होती, आणि भांडायचं त्राण अंगात उरलं नव्हतं. “लाव,” ती म्हणाली. “पण लावल्यावर तिच्याकडे बघ. बिल्ल्याकडे नको.”

त्याने पट्टा घातला, बिल्ला लावला. “बाबा!” बिल्ला लगेच म्हणाला. “तू आलास! मला उचलून घे ना.”

अजिंक्यचा चेहरा उजळला. त्याने तिला उचललं. यमूने दोन्ही हात त्याच्या छातीवर टेकवून त्याला ढकललं. पाठ कमानीसारखी मागे वाकवली. मान फिरवली.

“बाबा, मला तुझ्या कुशीत खूप छान वाटतं,” बिल्ला म्हणाला.

यमू त्याच्या तोंडावर तळहात दाबत होती. लाथा झाडत होती. तिच्या डोळ्यांत एका अनोळखी, दाढीवाल्या माणसाविषयीची निव्वळ धास्ती होती, आणि बिल्ला लाडे लाडे सांगत होता, “आता कधी जाऊ नकोस हं.”

अजिंक्यने तिला खाली ठेवलं. बिल्ला काढला, पट्टा काढला. गुडघ्यांवर हात ठेवून तो जमिनीवरच बसला.

“ती मला ओळखत नाही,” तो म्हणाला.

“ओळखेल. पण तुला तिच्याशी ओळख करून घ्यावी लागेल. मीही आत्ता तेच करतेय.”

संध्याकाळी यमूने पुन्हा सूर लावला. अजिंक्य उठला. त्याने पाणी आणलं, तिने पेला उडवला. चेंडू आणला, लाथाडला. बूट घालून फिरायला न्यायला गेला, तर बूट त्याच्या कपाळावर बसला.

“काय हवंय काय हिला?” तो ओरडला.

“मला काय माहीत?” संज्योतही ओरडली.

“तुला माहीत नाही तर कोणाला माहीत?”

“तिला!”

यमूचं रडणं क्षणभर थांबलं. तिने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दोन मोठी, लालबुंद झालेली माणसं, आणि दोघांनाही काही कळत नाहीये, हे बहुधा तिला प्रथमच दिसत होतं. ती रागाने पाय आपटत आली. तिने अजिंक्यचं एक बोट मुठीत पकडलं आणि ओढलं. तो वाकून तिच्या मागे गेला. भिंतीपाशी पोचल्यावर तिने त्याचा हात वर ढकलला. वर बटणं होती. त्याने दिवा घालवला. ती किंचाळली. त्याने दिवा लावून शेजारचं बटण दाबलं. पंखा बंद झाला.

यमूने डोळ्यांवर उडणारे केस बाजूला केले आणि एक लांब श्वास सोडला. “बं,” ती म्हणाली.

“बंद?” अजिंक्यने विचारलं. “पंखा बंद?”

“बं,” ती पुन्हा म्हणाली, आणि त्याचं बोट तिने सोडलं नाही. त्या दिवशी चिपळूणमध्ये मरणाचं उकडत होतं. तिघं घामाने भिजत बिनपंख्याचे बसून राहिले आणि सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “बोलली हो, बोलली माझी बाय!”

*

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नव्हे. यमूला शब्द सापडले आणि त्यांत ‘नको’ पहिल्यांदा सापडला. कपडे नको, आंघोळ नको, आजी नको, बाबा नको, आणि बाबा फोन ठेवायला लागला की तेही नको. फोनवर ती कधी जेवलास का विचारायची नाही. एखाद्या दिवशी नुसती चमचा दाखवायची आणि निघून जायची. अजिंक्य तेवढ्यावर पोट भरायला शिकला. रत्नागिरीला फेऱ्या चालू होत्या. बोलण्यात ती बरोबरीच्या मुलांच्या मागेच होती आणि डॉक्टर कारखानीस कसलंच आश्वासन द्यायला तयार नव्हत्या. “काही दारं उशिरा उघडतात, काही किलकिलीच राहतात. वाट बघू,” एवढंच त्या म्हणायच्या. संज्योतला त्याचाही वैताग यायचा. दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांवर ओरडायचं आणि घरी येऊन ‘नको’शी झटापट करायची, यात तिचा घसा कायमचा बसला होता.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी क्लासला निघायची वेळ झाली आणि गाडीची किल्ली सापडेना. खाली एक शिकाऊ गृहस्थ ताटकळत उभे. संज्योतने सगळं घर उलथंपालथं केलं. सासूबाईंनी उशा झटकल्या. शेवटी किल्ली तांदळाच्या डब्यात निघाली, खोल पुरलेली. डब्याभोवती तांदूळ सांडलेले, आणि तिथपासून हॉलपर्यंत बारक्या पावलांनी पसरत गेलेले.

“यमू! इकडे ये. किल्ली तांदळात कोणी टाकली?”

यमू आली. केसांत तांदूळ, दोन्ही हात पाठीमागे.

“मी नाही,” ती म्हणाली.

“मग कोणी?”

यमूने विचार केला. तिचे डोळे एकदा छताकडे गेले, एकदा स्वयंपाकघराकडे.

“आजीने.”

“अगं बाई!” सासूबाई किंचाळल्या. “मी? मी कशाला टाकू? बघितलंस का, संज्योत, धडधडीत खोटं बोलतेय!”

संज्योतचा रागाने वर आलेला हात तिथेच राहिला. यमू सासूबाईंकडे बघत नव्हती. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, टक लावून, श्वास रोखून. आपल्या मनात एक गोष्ट आहे. ती आईच्या मनात पोचली की नाही, हे ती तिच्या डोळ्यांत शोधत होती.

खालून शिकाऊ गृहस्थांनी हाक मारली. संज्योत गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि हसू आवरताना ओठ थरथरत होते. यमूच्या केसांतला एक तांदूळ तिने बोटाने काढला.

“असेल बाई,” ती म्हणाली. “मला कसं कळणार?”